उन्हाळी रात्रीचा गळ

यवतमाळ जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत गळ टाकायचा तो दिवस मावळल्यावर. दिवसा पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो, काठावरच्या दगडाला हात लावता येत नाही आणि पाण्यातली मोठी मासळी खोलात किंवा बुडालेल्या खोडांच्या सावलीत पडून राहते. अंधार पडला की तीच मासळी भक्ष्य शोधत उथळ पाण्यात येते. तिच्यासाठी गळाला गांडूळ, झिंगा किंवा बोटभर मासा जिवंत लावतात. पुसदजवळचे पूस धरण, दिग्रसचे अरुणावती, बाभूळगाव तालुक्यातला बेंबळा प्रकल्प, यवतमाळ शहराला पाणी पुरवणारे निळोणा आणि चापडोह, यवतमाळ-हिंगोलीच्या सीमेवरचा इसापूरचा विस्तीर्ण जलाशय आणि गावोगावचे पाझर तलाव असे या मासेमारीचे क्षेत्र आहे. प्रत्येक तलावाचा स्वभाव वेगळा असला, तरी उन्हाळी रात्रीच्या गळाचा सगळा हिशेब एकाच गोष्टीवर येऊन ठेपतो: तापलेल्या पाण्यात कोणाला किती श्वास मिळतो. मोठा मासा कुठे असेल, चारा किती वेळ जगेल, गळ कधी टाकावा आणि कधी गुंडाळावा, ही सगळी उत्तरे त्यातूनच निघतात.

भरलेला जलाशय होळीनंतर झपाट्याने उतरू लागतो. शेतीचे ओलित, पिण्याचे पाणी आणि उन्हाने होणारे बाष्पीभवन यांचा ताण एकदमच येतो. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले आणि सगळ्या यवतमाळ शहरावर पाण्यासाठी वणवण करण्याची वेळ आली, हा अनुभव अजून ताजा आहे. पाणी मागे सरते तशी गाळाची जमीन उघडी पडते. कुठे तिच्यावर गाळपेर होते, कुठे डांगरवाडी लागते. पाण्याच्या बाजूला याच काळात दुसरा बदल घडतो. पावसाळ्यात दूरदूर पांगलेली मासळी आता थोड्या जागेत गोळा होते. धरण बांधण्यापूर्वी जिथून नदी वाहत होती ते जुने पात्र सर्वांत खोल, म्हणून दिवसाचा मुक्काम तिथे. बुडालेल्या बाभळींची खोडे, जुन्या विहिरींचे कठडे, दगडी बांधाच्या कपारी ही लपायची ठिकाणे. आणि पात्रापासून काठापर्यंत येणारा एखादा बुडालेला नाला ही रात्रीची वाट. म्हणून जाणता मासेमार उन्हाळ्यात तलाव उतरलेला असताना त्याचा तळ डोळ्यांनी वाचून ठेवतो. पुढच्या वर्षी पाण्याखाली गेलेली तीच जागा त्याला अंधारातही सापडते.

पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातपर्यंत उतरतो. माशाचे शरीर मात्र थंड रक्ताचे असल्यामुळे पाण्याबरोबर तापते आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते, हे उन्हाळ्यातले माशाचे रोजचे संकट. खोल पाणी थंड असते, पण तिथे सडणारा पाला आणि गाळ प्राणवायू खाऊन टाकतात. त्यामुळे माशाला थंडावा आणि श्वास यांच्यामधली पातळी शोधावी लागते. दिवसभर शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात प्राणवायू तयार करतात, म्हणून सायंकाळी पाण्यात तो सर्वांत जास्त असतो. रात्री वनस्पतींची निर्मिती थांबते, श्वसन चालूच राहते आणि पहाटेपर्यंत पाण्यातला साठा उतरत जातो. सूर्योदयाच्या आधीची घटका तलावासाठी सर्वांत कठीण. शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे मासे तोंड वर काढून हवा ओढताना दिसतात ते यामुळेच. अशा वेळी ते चाऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. दिवेलागणीपासून मध्यरात्रीपर्यंतचा काळ या मासेमारीला सर्वांत लाभदायक का, याचे बरेचसे उत्तर इथे मिळते.

रात्री शिकार करणारी मासळी ठरलेली आहे. कटला आणि मृगळ यांची रोजची भूक सूक्ष्म जीव आणि सडका पाला यांवर भागते, रोहूही बराचसा वनस्पतींवर जगतो. त्यांच्यासाठी पिठाच्या गोळ्या. जिवंत चाऱ्याचे गिऱ्हाईक निराळे. मिशांचा शिंगाडा तळ धरून फिरतो. त्याच्याच कुळातली लहान शिंगटी काठाजवळ घोळक्याने येते. पढीन, ज्याला काही भागांत शिवडा म्हणतात, तो लांब चपट्या अंगाचा आणि मोठ्या जबड्याचा. त्याच्या तोंडाची चीर डोळ्यांच्याही मागे जाते आणि जबड्यात बारीक दातांच्या रांगा असतात. वाम दिवसा वाळू-गाळात अंग पुरून घेते आणि अंधारात बाहेर पडते. मरळ आणि मागूर यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठवणारी पोकळी असते, मागुराच्या कल्ल्यांजवळ झाडाच्या फांद्यांसारखा श्वसन अवयव असतो. दोघेही पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतात. बाकीची मासळी गुदमरत असताना हे दोघे आटलेल्या, गढूळ, कोमट पाण्यातही तग धरतात. काठावर शांत बसले तर मरळ हवा घ्यायला वर येते तो आवाज ऐकू येतो. पाण्याला एक छोटीशी उकळी फुटावी तसा, एकदाच. थोड्या वेळाने जवळपास तसाच पुन्हा. मासा दिसत नाही, पण त्याची जागा कळते. मरळीची नजर तीक्ष्ण असल्याने ती संधिप्रकाशात, म्हणजे तिन्हीसांजेला आणि झुंजुमुंजू होताना जास्त धावते. शिंगाडा, पढीन, मागूर आणि वाम गडद रात्रीचे.

अंधारात हे मासे भक्ष्य ओळखतात ते कातडीने. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते. पाण्यातली बारीक थरथर तिला जाणवते. मिशाळ माशांच्या मिशांवर, ओठांवर आणि अंगावरही रुचिकलिका असतात, म्हणजे हा मासा चव घेत घेतच पोहतो. त्यांच्या त्वचेतली सूक्ष्म ग्राहके जिवंत प्राण्याच्या शरीरातून निघणारा अत्यंत क्षीण विद्युत प्रवाहही टिपतात. मेलेल्या चाऱ्याला वास असतो, पण थरथर नसते. पिठाच्या गोळीला चव असते, पण हालचाल नसते. जिवंत चारा एकाच वेळी सगळ्या ज्ञानेंद्रियांना साद घालतो. म्हणूनच प्रकाश नसताना त्याची बरोबरी दुसरे काही करू शकत नाही. ही समज जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात मासे, दोरी, गळ, आमिष यांचा तपशिलाने विचार केला आहे. इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टनने १६५३ साली गळाच्या मासेमारीवर लिहिलेल्या प्रसिद्ध पुस्तकातही जिवंत आमिष कसे जपून लावावे याचे वर्णन येते.

चाऱ्यांत पहिला मान गांडुळाचा. पावसाळ्यात ते कुठेही मिळते, मे महिन्यात मात्र शोधावे लागते. काळी जमीन तडकून भेगाळली की गांडुळे खोल उतरतात आणि अंगाची गुंडाळी करून सुस्त पडून राहतात. तेव्हा ती सापडतात ओल धरून ठेवणाऱ्या जागी: न्हाणीचे सांडपाणी मुरते तिथे, गोठ्यामागच्या उकिरड्याच्या कडेला, विहिरीच्या थारोळ्यालगत, ओलिताच्या वाफ्यात, कालव्याच्या गळतीखाली. कुदळीपेक्षा दाताळे बरे, त्याने गांडुळे कापली जात नाहीत. गांडूळखताच्या वाफ्यातली लाल गांडुळे सहज मिळतात, पण ती बारीक असल्याने गळावर लवकर तुटतात. मातीतले जाड गांडूळ वाम, मागूर आणि शिंगटी या तिघांनाही चालते.

दुसरा चारा झिंग्याचा. गोड्या पाण्यातले झिंगे रात्री काठच्या गवतात येतात. बॅटरीचा झोत पाण्याला समांतर धरला की त्यांचे डोळे लालसर ठिणग्यांसारखे चमकतात. मच्छरदाणीच्या कापडाची लहानशी जाळी मागून सरकवली की झिंगा स्वतःच उलटी उडी मारून तिच्यात येतो, कारण घाबरलेला झिंगा नेहमी मागे पळतो. तिसरा चारा खवलीसारख्या बोटभर माशांचा. मरळ, पढीन आणि मोठा शिंगाडा यांना तोच हवा. ही मासळी ऊन कलल्यावर काठालगत कणकेच्या इवल्या गोळीवर किंवा लहान जाळीत मिळते. नाकतोडे आणि रातकिडे हे ऐनवेळचे चारे. पृष्ठभागावर तडफडणारा नाकतोडा तिन्हीसांजेला मरळीला खेचून आणतो.

बेडूक हा मरळीचा फार जुना चारा. तो आता सोडून द्यावा. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली, कारण शेतातले किडे खाणारे बेडूक लाखांनी मारले जात होते. वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्रही त्यांच्यावर आहे. कापूस आणि सोयाबीनच्या या जिल्ह्यात शेताच्या बांधावरचा बेडूक शेतकऱ्याच्या कामाचा आहे. तो गळाला लावण्यासारखा स्वस्त जीव नाही.

चारा पकडणे सोपे, जगवणे अवघड. गांडूळ कातडीने श्वास घेते, म्हणून कातडी ओली राहिली पाहिजे आणि ते पाण्यात बुडताही कामा नये. मातीच्या कुंडीत ओलसर माती आणि कुजलेले शेणखत भरून वर ओले गोणपाट टाकले की ते दोन-तीन दिवस सहज टिकते. बंद प्लास्टिकच्या डब्यात उन्हात ठेवले तर तासाभरात त्याचे पाणी होते. झिंगे ओल्या गवतात किंवा ओल्या कापडाच्या घडीत काही काळ तगतात. लहान माशांसाठी रुंद तोंडाचा माठ उत्तम. माठाच्या भिंतीतून पाझरणारे पाणी वाळताना आतले पाणी गार करते, आणि गार पाण्यात श्वास जास्त. माठात मासे मोजकेच ठेवावेत. पाणी त्याच तलावाचे भरावे, आणि बदलायचे झाले तर थोडे थोडे बदलावे, कारण तापमानाचा एकदम बसलेला धक्का लहान माशाला सोसत नाही. नळाच्या पाण्यातले क्लोरीन कल्ल्यांना जाळते. भोके पाडलेला डबा काठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याचीही पद्धत आहे, तिच्यात सायंकाळी काही अडचण येत नाही. पहाटे मात्र उथळ पाण्यातला प्राणवायू उतरलेला असतो आणि डब्यातली मासळी पळून जाऊ शकत नाही. मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागले तर पाणी बदलायला उशीर झाला आहे, असे समजावे.

चारा गळाला लावण्याची रीत त्याच्या शरीराकडे पाहून ठरते. गांडूळ एका टोकाकडून गळावर चढवावे आणि शेपटीचा भाग मोकळा सोडावा. वळवळ त्या मोकळ्या भागाची असते. झिंग्याला शेपटीच्या टोकाजवळच्या वेढ्यातून गळ घालावा, डोक्याजवळ घातला तर तो लगेच मरतो. लहान मासा हाताळताना आधी हात पाण्यात बुडवून ओला करावा. कोरड्या हाताला माशाचा बुळबुळीत थर चिकटून निघतो आणि त्याचे संरक्षण जाते. ओठातून गळ घातला तर मासा मोकळेपणी श्वास घेत पोहतो. पाठीवरच्या पराच्या मागे, कण्याच्या वर कातडीखालून घातला तर तो खाली डोके करून तडफडतो आणि मोठ्या माशाला लवकर हाक जाते. कण्याला टोक लागले तर मात्र चारा तिथेच निकामी. काम दोन-तीन सेकंदांत व्हावे. जेवढा वेळ हातात, तेवढा तो श्वासाला मुकलेला.

साहित्य साधे आहे. बांबूची काठी किंवा चरखीची काठी, तंगूस, शिसे आणि गळ. पढीन आणि मरळ यांचे दात तंगूस कापतात, म्हणून गळाजवळ वीतभर बारीक तार जोडतात. मरळीसाठी ज्वारीच्या धांड्याच्या हलक्या गराचे किंवा थर्माकोलचे तरंगते बांधून चारा पाण्याच्या मध्यावर ठेवतात. शिंगाडा, मागूर आणि वाम यांच्यासाठी शिसे तळाला टेकू देतात, पण चारा गाळात रुतणार नाही इतका दोर त्यापुढे सोडतात. अंधारात तरंगते दिसत नाही, म्हणून काठीच्या शेंड्याला बैलाच्या गळ्यातले एखादे घुंगरू बांधले की काम भागते.

घुंगरू कसे वाजते त्यावरून मासा ओळखता येतो. शिंगटी बारीक, घाईच्या टिचक्या मारते. शिंगाडा एकच जोरकस ओढ घेऊन तळालगत निघतो. पढीन सरळ खोल पाण्याकडे धावतो. वाम हळूहळू मागे सरकत कपारीत जाऊ पाहते आणि एकदा तिथे अडकली की दोर तुटेपर्यंत निघत नाही. मरळ चारा तोंडात धरून थोडी दूर जाते, थांबते, मग गिळते. त्या थांबण्याच्या वेळी हिसका दिला तर चारा रिकामा परत येतो. तिने दुसऱ्यांदा चाल धरली की मगच काठी उचलावी. पकडलेली शिंगटी आणि मागूर उघड्या मुठीत धरू नयेत. त्यांच्या पंखांतले टोकदार काटे खोल घुसतात आणि ती जखम बराच वेळ ठणकते.

रात्रीच्या प्रहरांना आपापला क्रम आहे. तिन्हीसांजेला मरळीचा गळ, दिवे लागल्यानंतर शिंगटी आणि वाम, नऊ ते बारा शिंगाडा, पढीन आणि मागूर. मध्यरात्रीनंतर हालचाल मंदावते आणि उजाडताना मरळ पुन्हा एक फेरी घेते. अंधाऱ्या पंधरवड्यात गळ चांगला चालतो, असे काठावरचे लोक सांगतात. पाण्यावर वरचेवर बॅटरी मारू नये, उथळात आलेला मासा झोत पडताच मागे फिरतो. पावलांचा धपधपाटही जमिनीतून पाण्यात पोहोचतो, म्हणून चालणे हळू आणि बसणे एका जागी.

काठावरचे धोकेही रात्रीचेच आहेत. तापलेल्या दिवसानंतर घोणस, नाग आणि मण्यार गारव्याला बाहेर पडतात. पायात बूट, हातात काठी आणि चालताना जमिनीवर उजेड या तीन गोष्टी टाळू नयेत. सर्पदंश झाला तर झाडपाल्यात वेळ न घालवता जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे, प्रतिविष तिथे मिळते. वरून सुकून तडकलेला गाळ आतून मऊ असतो आणि त्यात माणूस कमरेपर्यंत रुततो. पाण्याच्या कडेची अनोळखी जमीन आधी काठीने चाचपावी. मे महिन्यात अवकाळी वादळ अचानक येते. वीज चमकू लागली की उंच धरलेली काठी आधी खाली ठेवावी आणि पाण्यापासून दूर जावे.

तलाव हा कोणाच्या तरी कष्टाचाही असतो. जिल्ह्यातले बरेच जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. भोई आणि इतर मासेमार कुटुंबे मत्स्यबीज आणून त्यांत बोटुकली सोडतात आणि वर्षभर वाट पाहतात. तिथे गळ टाकायचा तर संस्थेची परवानगी घ्यावी आणि सोडलेली बोटुकली चारा म्हणून कधीही पकडू नये. टिपेश्वर आणि पैनगंगा या अभयारण्यांतल्या पाण्यात मासेमारी करूच नये. सुरुंग आणि विष यांनी मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने गुन्हा ठरवले आहे. आटत आलेल्या पाण्यात असे एक कृत्य तलावाची सगळी वीण संपवू शकते.

जिवंत चाऱ्याचा सर्वांत कडक नियम असा, की एका तलावाचा मासा दुसऱ्या तलावात नेऊ नये. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया आज देशभरच्या पाण्यांत पसरला आहे. थाई मागूर नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकन मागुराच्या पालनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, कारण तो हाती लागेल ती देशी मासळी खाऊन टाकतो. माठात उरलेले चार मासे परक्या पाण्यात ओतले, तर नव्या प्रजातीबरोबर रोगही तिथे पोहोचू शकतो. उरलेला चारा जिथून घेतला तिथेच सोडावा. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये जिवंत मासा आमिष म्हणून वापरण्यास बंदी आहे, त्यामागे त्या लहान जिवाच्या यातनेचा विचार आहे. इथे तशी सरसकट बंदी नसली, तरी तो विचार काठावर बसणाऱ्याने स्वतः करावा. गांडुळावर काम भागत असेल तर मासा लावू नये, लागेल तेवढाच चारा धरावा आणि धरलेल्याला शेवटपर्यंत नीट श्वास मिळू द्यावा.

हा हंगाम मृगाच्या पावसाबरोबर संपतो. नाले वाहू लागले की ताजे, प्राणवायूने भरलेले पाणी तलावात शिरते आणि अंडी पोटात असलेली मासळी त्या प्रवाहाकडे वळते. मरळीची जोडी काठच्या गवतात घरटे करते आणि लालसर पिलांच्या थव्याभोवती राखण करत फिरते. त्या राखणीवरची मरळ जिवंत चाऱ्यावर हमखास धावून येते, पण भुकेने नव्हे, पिलांजवळ आलेल्याला हुसकावण्यासाठी. ती काढली तर थवा इतर माशांच्या तोंडी जातो. म्हणून नाल्याला पहिले पाणी आले की गळ गुंडाळावा. पुढच्या उन्हाळ्यात या तलावात मासळी असेल की नाही, हे पावसाळ्याच्या या पहिल्या आठवड्यांतल्या संयमावर ठरते.